डीएनएस सेवा बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर, दापोली आणि रत्नागिरी परिसरातील घरे, होमस्टे, आंबा बागायतदारांची कार्यालये आणि सेवा केंद्रे यांच्याकडे राउटर बसवण्याचे व नेट दुरुस्तीचे काम मी करतो. ‘डीएनएस बदला, नेट सुसाट होईल’ असे सांगणारा व्हिडिओ पाहून आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच. त्या सल्ल्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच सांगितले जाते, आणि उरलेले अर्धे माहीत नसल्यामुळे लोक एक तर नको ती अपेक्षा धरतात किंवा हाती असलेला चांगला उपयोग सोडून देतात. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत.

डीएनएस म्हणजे नेमके काय?

आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो. यंत्राला मात्र आकड्यांतला पत्ता लागतो. नावावरून तो पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, अर्थात ‘डोमेन नेम सिस्टम’. इंटरनेटच्या आरंभकाळी सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत, ती यादी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई आणि प्रत्येकाने तिची प्रत उतरवून घ्यायची असे. संगणक वाढले तशी ती यादी अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी जबाबदारी वाटून देणारी आजची रचना मांडली.

आपल्याकडे नवखा पाहुणा एसटीतून उतरला की थांब्यावरच्या टपरीवर विचारतो, ‘अमक्यांचे घर कुठे?’ टपरीवाल्याला ठाऊक असेल तर तो लगेच सांगतो. नसेल तर आधी वाडी विचारतो, मग त्या वाडीतल्या कोणाला तरी हाक मारतो. डीएनएसचा सर्व्हर हेच करतो. त्याच्या स्मरणात पत्ता असेल तर उत्तर तत्काळ येते. नसेल तर तो आधी मूळ सर्व्हरला, मग ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ सांभाळणाऱ्या सर्व्हरला आणि शेवटी त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या सर्व्हरला विचारतो. मिळालेले उत्तर तो ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला ताटकळावे लागत नाही.

बाहेरची डीएनएस सेवा कोणाला म्हणतात?

आपण काहीही बदलले नसेल तर ज्या कंपनीची जोडणी घेतली आहे तिचाच डीएनएस सर्व्हर वापरला जातो. त्याऐवजी दुसऱ्या कोणाचा सर्व्हर निवडला तर ती बाहेरची सेवा होय. ओपनडीएनएस २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. गूगलची ८.८.८.८ ही सेवा डिसेंबर २००९ मध्ये आली, क्वाड९ या ना-नफा संस्थेची ९.९.९.९ ही नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही १ एप्रिल २०१८ रोजी. या सेवा घरगुती वापरासाठी विनामूल्य आहेत. येथे पत्ते मराठी अंकांत छापले आहेत. फोनमध्ये किंवा राउटरमध्ये भरताना ते इंग्रजी अंकांतच भरावेत.

डीएनएस बदलल्याने नेटचा वेग वाढतो का?

जोडणीचा वेग वाढत नाही. वाट सांगणारा माणूस बदलला म्हणून रस्ता चौपदरी होत नाही. तुमची जोडणी ४० एमबीपीएसची असेल तर ती तेवढीच राहते. चित्रपट उतरवून घ्यायला पूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच पुढेही लागेल.

बदलते ते पान उघडण्यापूर्वीचे थांबणे. एखाद्या बातमीच्या संकेतस्थळाचे पान दिसायला एक असले तरी त्यातील चित्रे, जाहिराती, अक्षरवळणे आणि मोजणीची साधने वेगवेगळ्या नावांखाली, वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि त्या प्रत्येक नावाचा पत्ता निदान पहिल्यांदा तरी विचारावा लागतो. समजा, एका उत्तराला २० मिलिसेकंद लागण्याऐवजी १५० लागत असतील आणि त्यातले काही प्रश्न एकामागून एकच विचारावे लागत असतील, तर पान उघडताना अर्धा-पाऊण सेकंद पडदा कोरा राहतो. डीएनएस सर्व्हर चपळ असेल तर हा कोरा काळ कमी होतो आणि नेट ‘हलके’ वाटू लागते. तो अनुभव खरा असतो. वाढलेल्या वेगाचा मात्र तो पुरावा नसतो. म्हणूनच वेगचाचणीच्या पानावर आकडा आधी होता तेवढाच दिसतो आणि लोक गोंधळतात.

‘मुंबईचा सर्व्हर लांब पडतो का?’ असेही विचारले जाते. रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराला जाऊन-येऊन जेमतेम साडेतीन मिलिसेकंद लागतात. अंतर हे कारण नव्हेच. विलंब होतो तो सर्व्हरवर भार असल्यामुळे, किंवा कंपनीच्या जाळ्यातून आपले प्रश्न आडवळणाने नेले जात असल्यामुळे. मोठ्या बाहेरच्या सेवा एकच पत्ता अनेक शहरांतून चालवतात आणि आपला प्रश्न जाळ्याच्या दृष्टीने जवळच्या केंद्राकडे जातो. गूगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांचीही केंद्रे मुंबईत आहेत. तरीही तुमच्या कंपनीचा सर्व्हर चांगला चालत असेल तर तोच सर्वांत जलद ठरू शकतो, कारण तो तिच्याच जाळ्यात असतो. म्हणून आधी मोजावे, मग बदलावे. विंडोजवर जीआरसी या अमेरिकी कंपनीचे ‘डीएनएस बेंचमार्क’ हे साधन अनेक सर्व्हरची वेळ शेजारी शेजारी मांडून दाखवते. चाचणी सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करावी, कारण रात्रीची गर्दी सकाळी दिसत नाही.

गणपतीच्या दिवसांत नेट संथ होते. त्यावर उपयोग होईल का?

होणार नाही. चाकरमानी गावी आले की एकाच टॉवरवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फोन येतात आणि टॉवरची क्षमता वाटली जाते. डीएनएसचा प्रश्नसुद्धा त्याच गर्दीतून जातो.

कोकण रेल्वेचे तिकीट काढताना तरी फायदा होतो का?

हा प्रश्न अतिशय कळकळीने विचारला जातो, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो : होत नाही. आरक्षणाचे संकेतस्थळ एकदा उघडले की त्याचा पत्ता फोनला समजलेला असतो आणि पुढची सारी देवाणघेवाण थेट त्याच पत्त्याशी चालते. तात्काळची खिडकी उघडण्यापूर्वीच आपण आत शिरलेले असतो; नंतर जे चक्र फिरत राहते ते आरक्षणाच्या यंत्रणेवरील गर्दीमुळे आणि पैसे भरण्याच्या टप्प्यामुळे. तिकीट मिळवून देण्याच्या नावाखाली कोणी ‘खास डीएनएस’ विकत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत आणि त्याने दिलेला पत्ता आपल्या फोनमध्ये मुळीच भरू नये.

बिघाड डीएनएसचाच आहे हे कसे ओळखावे?

प्रथम फायबरच्या डब्यावरील दिवे पाहावेत. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर केबलमधून प्रकाशच येत नाही. पावसाळ्यात माडाची झावळी किंवा फणसाची फांदी तारेवर पडली की हेच होते, आणि तेव्हा सेटिंगमध्ये काहीही बदलून लाभ नाही. लाइनमनची वाट पाहावी लागते. जून २०२० मधील निसर्ग वादळानंतर तर खांबच आडवे झाले होते.

दिवे नीट असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर संगणकावर कमांडची काळी खिडकी उघडून ‘पिंग’ (समोरच्या पत्त्यावरून उत्तर येते का हे तपासणारी आज्ञा) आणि त्यापुढे ८.८.८.८ असे लिहावे. उत्तरे येत असतील, पण त्याच खिडकीत एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग केल्यावर ‘होस्ट सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर रस्ता मोकळा आहे, फक्त वाट सांगणारा गप्प आहे.

गुहागरजवळच्या एका होमस्टेमध्ये मी हे अगदी समोर पाहिले. शनिवारची संध्याकाळ होती, सर्व खोल्या भरलेल्या होत्या. पाहुण्यांच्या फोनवर आधीपासून जोडलेले व्हॉट्सॲप चालू होते, परंतु जेवणाचे पैसे भरायला कोणी ॲप उघडले की चक्र फिरत राही. मालकीणबाईंनी राउटर चारदा बंद करून चालू केला होता. पिंगची उत्तरे व्यवस्थित येत होती. पत्ता मात्र एकाही नावाचा मिळत नव्हता. सेवा देणाऱ्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर त्या संध्याकाळी बंद पडला होता. राउटरमध्ये दोन बाहेरचे पत्ते भरले, फोनचे वायफाय एकदा बंद-चालू केले आणि पाच मिनिटांत देणीघेणी पूर्ववत सुरू झाली. माझ्या मते बाहेरच्या सेवेचा सर्वांत मोठा उपयोग वेगासाठी नसून अशा वेळी अडून न राहण्यासाठी आहे.

सुरक्षिततेत काय फरक पडतो?

येथे विषय खरोखर महत्त्वाचा होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डीएनएसचा प्रश्न परंपरेने उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. मधला कोणीही तो वाचू शकतो आणि संधी साधली तर खोटे उत्तरही पाठवू शकतो. डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की सर्व्हरच्या स्मरणातच खोटा पत्ता घुसवणे समजले जात होते त्यापेक्षा फार सोपे आहे. तेव्हा जगभरातील सर्व्हरची तातडीने दुरुस्ती करावी लागली. उत्तर खरे आहे याची सही तपासणारी डीएनएससेक ही पद्धत २०१० मध्ये मूळ सर्व्हरपर्यंत लागू झाली. गूगल, क्लाउडफ्लेअर आणि क्वाड९ हे तिघेही ती सही तपासतात. अर्थात संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या नावावर सही केलेलीच नसेल तर तपासण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा लाभ गाळणीचा. क्वाड९ आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.२ ही सेवा घातक म्हणून नोंदलेल्या नावांचा पत्ता देतच नाहीत. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ अशा संदेशातील दुव्यावर घरातील वडीलधाऱ्यांचे बोट पडलेच, तर ते बनावट पान उघडण्यापूर्वीच अडण्याची शक्यता निर्माण होते. शक्यता म्हणतो, खात्री नव्हे. काल रात्री नोंदवलेले नवे नाव गाळणीच्या यादीत नसू शकते. व्हॉट्सॲपवरून थेट आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल किंवा फोनवर गोड बोलून काढून घेतलेला ओटीपी यांना कोणतीही डीएनएस सेवा अडवू शकत नाही. तशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. साध्या ८.८.८.८ आणि १.१.१.१ यांत अशी गाळणी नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

राउटरमधला डीएनएस परस्पर कोणी बदलू शकतो का?

बदलू शकतो, आणि ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने उघडकीस आणलेल्या डीएनएसचेंजर प्रकरणात सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस गुपचूप बदलले गेले होते आणि त्यातून जाहिरातींचा पैसा लाटला जात होता. लोकांचे नेट एकदम बंद पडू नये म्हणून त्या खोट्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते चालवलेले स्वच्छ सर्व्हर बंद झाले ते थेट ९ जुलै २०१२ रोजी.

देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याकडे ऐन एप्रिलमध्ये असाच प्रकार पाहिला. कोणत्याही फोनवर काहीही उघडले तरी मध्येच जुगाराच्या जाहिरातींचे पान येई. फोन दोनदा पुसून कोरे केले गेले होते, तरी गुण येईना. राउटर उलटा करून पाहिला तर त्याच्या चिकटपट्टीवरचाच नाव-पासवर्ड अजून चालू होता आणि डीएनएसच्या रकान्यात कोणालाच ओळखता येणार नाही असा परदेशी पत्ता होता. राउटर मूळ स्थितीत आणला, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले, पासवर्ड बदलला, बाहेरून येणारा व्यवस्थापनाचा मार्ग बंद केला आणि मगच विश्वासू पत्ते भरले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दार सताड उघडे ठेवून केवळ पत्ते दुरुस्त केले तर ते पुन्हा बदलले जातात.

मग कोणती सेवा निवडावी?

दुकान, पेढी किंवा बँकेचे व्यवहार जेथे होतात तेथे मी क्वाड९ सुचवतो. लहान मुले फोन हाताळत असतील तर क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ किंवा ओपनडीएनएसची २०८.६७.२२२.१२३ ही कौटुंबिक सेवा घ्यावी. त्यांत अश्लील संकेतस्थळेही अडवली जातात. होमस्टेच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायलाही कौटुंबिक गाळणी लावणे मला योग्य वाटते, मात्र ते पाहुण्यांना सांगून करावे. केवळ चपळपणा हवा असेल तर मोजून ठरवावे.

पहिल्या रकान्यात एका सेवेचा आणि दुसऱ्यात दुसऱ्या सेवेचा पत्ता भरला तर चालते का?

दोन्ही साध्या असतील तर चालते, उलट चांगलेच. १४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे १५ जुलैच्या पहाटे, १.१.१.१ ही सेवा जगभर सुमारे तासभर बंद होती. दुसऱ्या कंपनीचा पत्ता भरून ठेवलेल्यांचे काम अडले नाही. परंतु एक गाळणीची आणि एक बिनगाळणीची अशी जोडी कधीही करू नये. दुसरा पत्ता केवळ पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल असे नाही. अनेक यंत्रे दोन्हींना विचारतात, आणि मग अडवलेले संकेतस्थळ कधी उघडते, कधी उघडत नाही, असा गोंधळ होतो.

फोनमध्ये बदल कसा करावा?

अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असा पर्याय असतो. तेथे आकडे चालत नाहीत, सेवेचे नाव लागते : गूगलसाठी ‘डीएनएस डॉट गूगल’ आणि क्वाड९साठी ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’, दोन्ही इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता, ‘डॉट’च्या जागी टिंब देऊन. हा पर्याय मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींना लागू होतो, शिवाय प्रश्न सांकेतिक रूपात जातात, म्हणजे पोस्टकार्डाचे बंद पाकीट होते. आयफोनमध्ये वायफायच्या माहितीत जाऊन डीएनएस ‘मॅन्युअल’ करता येतो, पण तो केवळ त्याच वायफायपुरता असतो. मोबाइल डेटासाठी सेवेचे अधिकृत ॲप किंवा प्रोफाइल लागते.

राउटरमध्ये एकदाच बदलता येत नाही का?

येतो, आणि घरासाठी तेच सोयीचे आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, उघडून डीएचसीपीच्या (घरातील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर नवे पत्ते भरावेत. काही कंपन्यांनी दिलेल्या डब्यात हा रकाना कुलूपबंद असतो. तेव्हा प्रत्येक यंत्रात वेगळा बदल करावा लागतो किंवा स्वतःचा राउटर जोडावा लागतो. एक गोष्ट हमखास राहून जाते : आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचे डीएनएस पत्तेही बदलावे लागतात, अन्यथा अर्धे प्रश्न पूर्वीच्याच सर्व्हरकडे जात राहतात आणि ‘बदलूनही काही झाले नाही’ असे वाटते.

आम्ही काय पाहतो हे या कंपन्यांना कळते का?

कोणते नाव विचारले ते कळते. त्या पानावर काय वाचले किंवा काय लिहिले ते नाही. गूगल तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसत असल्याचे सांगते, आणि विचारणाऱ्याचा पत्ता साठवत नसल्याचे क्वाड९ सांगते. तरीही हा विश्वास एका दारातून काढून दुसऱ्या दारात ठेवण्याचाच प्रकार आहे, हे ओळखून निवड करावी. शिवाय पाकीट बंद केले तरी तुमची जोडणी कोणत्या पत्त्याकडे गेली ते सेवा देणाऱ्या कंपनीला दिसतेच, आणि बहुतेक वेळा नावही दिसते. यामुळे आपण अदृश्य होत नाही, तसेच कायद्याने बंद केलेली संकेतस्थळे वैधही होत नाहीत.

बदलल्यानंतर काही बिघडते का?

तीन गोष्टी पाहिल्या आहेत. स्थानकावरील किंवा हॉटेलातील वायफायला जोडताना प्रवेशाचे पान उघडत नाही. तेव्हा ‘प्रायव्हेट डीएनएस’ तात्पुरते ‘ऑटोमॅटिक’ करून प्रवेश घ्यावा आणि मग पुन्हा लावावे. गावी राहून पुण्या-मुंबईच्या कार्यालयाचे काम करणाऱ्यांना कार्यालयाची अंतर्गत नावे सापडत नाहीत. त्यांनी कार्यालयाच्या संगणकात स्वतःहून काही बदलू नये. तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे. काही संकेतस्थळे व व्हिडिओ सेवा डीएनएसचा प्रश्न कोठून आला ते पाहून, आपल्या मजकुराच्या प्रती ठेवलेला जवळचा सर्व्हर नेमून देतात. क्लाउडफ्लेअर गोपनीयतेसाठी तुमचा ठावठिकाणा पुढे कळवत नाही, गूगल पत्त्याचा काही भाग कळवते. त्यामुळे एखादी व्हिडिओ सेवा बदलानंतर अडखळू लागली तर दुसरी डीएनएस सेवा लावून पाहावी.

पूर्वीसारखे करायचे असल्यास?

फोनमध्ये ‘ऑटोमॅटिक’ निवडावे, राउटरमध्ये रकाने रिकामे करून कंपनीचे पत्ते आपोआप घेण्याचा पर्याय लावावा, आणि दोन्ही यंत्रे एकदा बंद करून चालू करावीत. बदल करण्यापूर्वीच्या पानाचे फोनने छायाचित्र काढून ठेवावे. मी जेथे काम करतो तेथे जुने पत्ते, नवे पत्ते आणि बदलाची तारीख एका कागदावर लिहून तो राउटरच्या पाठीला पारदर्शक चिकटपट्टीने लावतो. समुद्राकाठच्या दमट हवेत शाई पसरते, म्हणून पेन्सिलने लिहितो.